काळ्या खाचरांतली नावं

विमल, शाळेनं तुझ्यासाठी शोकसभा ठेवली तेव्हा मला दोन शब्द बोलायला उभं केलं. मी माईक हातात घेतला, "नमस्कार" म्हणालो आणि खाली बसलो. आपल्या लेकीनं, सईनं, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला गहिवरून आलं. आलंही होतं. पण माझ्या आधी बोललेला प्रत्येक जण तुला 'अतिशय शांत स्वभावाच्या बाई' म्हणत होता, आणि मी तिथे बसून विचार करत होतो की हे नेमकं कोणाबद्दल चाललंय. आपल्या सगळ्या संसारात तू माझ्याशी एकदासुद्धा शांतपणे भांडलेली मला आठवत नाही.

तिथे जे बोलता आलं नाही ते आता लिहितो. लिहिण्याची मला सवय नाही, तुला ठाऊक आहे. वीजघराच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून उमर गेली. तिथे माणूस मोजतो, घासतो, बसवतो. लिहीत नाही.

कर्जतमध्ये तुला चित्रकलेच्या बाई म्हणून सगळे ओळखतात. लिनोवर चित्रं कोरून छापणारी विमल मात्र आपल्या घरातच राहिली. लग्न होऊन तू भिवपुरीच्या क्वार्टरमध्ये आलीस, तेव्हा ट्रंकेतून लिनोलियमचे तुकडे निघाले होते. दुसऱ्या दिवशी तू ते गॅलरीत उन्हात मांडलेस. आईनं विचारलं, "हे काय, पापड?" मला वाटलं, जमिनीवर टाकायचं काहीतरी असेल. दुपारी तू त्यातला एक तापलेला तुकडा मांडीवर घेतलास आणि कोरणी चालवलीस. सायीतून चमचा जावा तशी ती गेली. गार लिनो तडकतो, उन्हात ठेवला की नरम पडतो, हे मला तेव्हा कळलं. रात्री जेवताना माझ्या चमच्याच्या पाठीला काळी शाई लागलेली होती. शाई लावलेल्या तुकड्यावर कागद ठेवून तू माझ्या चमच्याच्या पाठीनं तो घासला होतास.

"दुसरा चमचा नव्हता?" मी विचारलं.

"ह्याची पाठ सगळ्यात गुळगुळीत आहे," तू म्हणालीस.

आपलं पहिलं भांडण त्या चमच्यावरून झालं. म्हणून तर मी तुला छापायचं प्रेस बनवून दिलं. शिळफाट्याच्या भंगारवाल्याकडे उसाच्या रसाच्या गाड्याचा जुना चरक पडला होता. त्याच्या रुळांचे दाते लेथवर उतरवून मी ते गुळगुळीत केले, खाली लोखंडी पाट बसवला, वर दाब कमीजास्त करायला स्क्रू दिले. तू त्याला रसवंतीच म्हणायचीस. तेव्हापासून कामाची वाटणी झाली. कोरायचं तू, छापायचं मी. तू होतीस तोवर मी एक रेघ कोरली नाही आणि तू कधी हँडल फिरवलं नाहीस.

शाळेतल्या पोरांना तू ज्या भाषेत सांगायचीस ती मला अजून ऐकू येते. "जिथं शाई नको तेवढं काढून टाका, जिथं हवी तेवढं राहू द्या. बस, एवढंच आहे." एवढंच नव्हतं. अक्षरं उलटी कोरायची. ट्रेसिंग पेपरवर सुलट लिहून तो पालथा घालायचा आणि लिनोवर उमटवायचा, तरी पहिली वेलांटी दुसरी व्हायची. उठावाच्या अक्षरांवरचे अनुस्वार म्हणजे एकेकटे उभे राहिलेले ठिपके. कोरणी जरा घसरली की उडालेच. मग तू जमिनीवर ओणवी होऊन तो ठिपका शोधायचीस, मला झाडू मारू द्यायची नाहीस, आणि सापडला की चिमट्यानं धरून चिकटवायचीस.

आपले वादही तेच तेच. मी पट्टी घेऊन तुझी शिरोरेषा मोजायचो. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक.

"ही सरळ नाही."

"नसू दे. हातानं कोरलीय."

"आणि हे अक्षरांच्या मधे काळे ओरखडे उमटलेत. अजून खोल काढलंस तर स्वच्छ येईल."

"स्वच्छ हवं असेल तर कंप्युटरवाल्याकडे जा."

हे भांडण मिटलं नाही. मी अजूनही म्हणतो की शिरोरेषा सरळ हवी. पण आता मोजायला पट्टी काढली तरी समोर कोणी नाही.

मला खरं तर शेतांबद्दल लिहायचं आहे.

तुझं माहेर शेलूच्या जवळचं, नदीकाठचं. पण तू तिथे वाढली नाहीस. चौथी झाली आणि तुला शिकायला कल्याणला आत्याकडे ठेवलं. तुझा दादा शिकला नाही. जनूदादा सातवीत असताना तुझ्या वडिलांना एकट्यानं शेती झेपेना, म्हणून तो घरी राहिला. तू फक्त मे महिन्याच्या सुट्टीत गावी जायचीस. तेव्हा भाताची खाचरं वाळलेली असायची, भेगा पडलेल्या. "मला माझं गाव फक्त तहानलेलं माहीत आहे," असं तू एकदा म्हणाली होतीस.

मग शेलूच्या बाजूला इमारती यायला लागल्या. आधी रस्त्यालगतच्या जमिनी गेल्या, मग आतल्या. दादानं तुला घरी बोलावलं. मी बरोबर होतो. त्यानं आडवळण घेतलं नाही. "लावणीला मानूस मिळत नाय. पोरं कंपनीत जातात, त्यांना चिखल नको. मी अजून किती वर्सं वाकणार? देऊन टाकतो, इमे."

तो तुला इमी म्हणायचा. मला ते नाव म्हणायचा हक्क नव्हता. एकदा चेष्टेत म्हटलं तर तू असं बघितलंस की परत जीभ रेटली नाही.

तू तिथल्या तिथे हो म्हणालीस, आणि पुढे हक्क सोडल्याची सहीही केलीस. घरी आल्यावर पाणी प्यालीस आणि म्हणालीस, "मला त्या शेतांची नावंसुद्धा माहीत नाहीत."

दुसऱ्याच आठवड्यात तू परत गेलीस. दादा ओटीवर बसला होता. तू त्याला म्हणालीस, "दादा, प्रत्येक खाचराला नाव असतं ना? मला सांग. मला कोरायचीयत."

"इकल्यावर नाव कशाला पायजे गं?"

"भराव पडायच्या आत पायजे."

माहेरी गेलीस की तुझ्या तोंडात 'पायजे' यायचं. दादानं टोपी काढली, परत घातली. तू उठून चहाचे कप आत नेऊन ठेवलेस. परत आलीस तर तो अंगणात काठी घेऊन उभा. "चल. ऊन चढंल."

भात कापून झालं होतं. पायाखाली खुंट. तो पुढे बांधावरून, त्याच्या मागे तू ड्रॉइंगबोर्ड घेऊन आणि सगळ्यात मागे मी छत्री घेऊन. तो काठीनं दाखवायचा आणि नाव घ्यायचा. "ही लांबोटी. ही तिकोनी. ह्ये सासूचं, ह्यात कितीबी राबा, पोतं भरत नाय. ह्ये येसूचं."

"येसू कोण?"

"ठावं नाय. आज्याच्या आधीची असंल." मग पुढे, "ह्याला भुताची उखळ म्हनतात. पावसात इथं पानी गोल फिरायचं. लहानपनी आमी इथून पळत जायचो."

त्यानं शेजाऱ्यांचीही सांगितली, विकलेली आणि न विकलेली. तू त्या खाचरांचे आकार काढत होतीस, आणि तुझा दादा बांधावर उभा राहून तुझ्यासाठी थांबत होता. मी तुम्हा दोघांना इतका वेळ एकत्र त्याआधी पाहिलं नव्हतं. राखीपौर्णिमेला यायचा, ताटात ओवाळणी टाकायचा, जेवायचा, जायचा. त्या दिवशी मात्र एका मोठ्या बांधावरून उतरताना त्यानं तुझ्याकडे न बघता हात मागे केला आणि तू तो धरलास.

ते काम तू वर्षभर केलंस. प्रत्येक खाचराचा लिनोचा वेगळा तुकडा, त्याच आकारात कापलेला. ते सगळे एका प्लायवर एकमेकांशेजारी चिकटवायचे आणि मधे फट ठेवायची. फट म्हणजे बांध. छापल्यावर तो पांढरा येतो. रसवंतीचा पाट त्याला पुरेना, म्हणून मी तो वाढवून दिला. तोवर तुझी छाती भरून यायला लागली होती. डॉक्टरांनी जिना चढू नका म्हटलं. तू कोरण्याचं सामान खाली आणून ठेवलंस आणि जिना बंद केलास. काम बंद केलं नाहीस.

आणि मग तो मोठा वाद. जी खाचरं अजून शेतकऱ्यांकडे होती त्यांची नावं तू उठावात ठेवलीस. सभोवतालचं सगळं काढून टाकायचं, म्हणजे पांढऱ्या जमिनीवर काळं अक्षर येतं. जी विकली गेली त्यांचं उलट. जमीन तशीच ठेवून फक्त अक्षर खोल कोरायचं. शाई फिरवली की आख्खं खाचर काळं कुळकुळीत, आणि त्यात नाव पांढरं.

पहिला छाप उचलून मी उजेडात धरला. नदीकडची सगळी बाजू काळी. सगळी दादाची.

"हे असं नको," मी म्हणालो. "दादाला काय वाटेल?"

"काय वाटेल?"

"काळं फासल्यासारखं वाटेल."

"काळ्यात अक्षर जास्त उठतं," तू म्हणालीस. "शाई पातळ फिरवा. नावं बुजतायत."

मी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर. तुझा राग होता का त्यात? दुःख होतं? की खरंच फक्त अक्षर उठावं म्हणून? मी नवरा असूनही मला कळलं नाही, आणि तू कळू दिलं नाहीस. मी चिडून शाई पातळ केली.

चैत्रातल्या जत्रेला तो छाप तुझ्या गावच्या मारुतीच्या सभामंडपात लावला. काय गर्दी झाली. बायका बोटानं आपापलं शेत शोधत होत्या. एक म्हातारी म्हणाली, "ही लांबोटी न्हवं, लांबुटी." दुसरी म्हणाली, "तुला काय ठावं, लांबोटीच." तू हसत होतीस. दादा उशिरा आला, नवा सदरा घालून. लोकांनी वाट करून दिली. तो समोर उभा राहिला. काळी बाजू कुठली ते त्याला शोधावं लागलं नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "जनूभाऊचं समदं काळं केलंय बघ बहिनीनं."

दादानं ते ऐकलं. तुझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "चांगलं केलंयस," आणि चहा न घेता निघून गेला.

त्या वर्षी राखीला तो आला नाही. मुलाबरोबर निरोप पाठवला की गुडघा दुखतो. तू राखी पाकिटात घालून पाठवलीस. मी म्हणालो, चल, आपण जाऊन येऊ. तू म्हणालीस, "त्याला राग येऊ दे. येतो तसा जातो." गेला नाही. थंडीत तुला दवाखान्यात ठेवलं तेव्हा तो रोज यायचा, तुझ्या पायाशी स्टुलावर बसायचा. तुम्ही दोघं आत्याच्या म्हशीबद्दल बोलायचात, मुलांच्या नोकऱ्यांबद्दल, दवाखान्यातल्या पातळ वरणाबद्दल. शेतांबद्दल तू बोलली नाहीस, त्यानं विचारलं नाही. मी दाराशी उभा राहून वाट बघायचो की आता कोणीतरी काढेल. घरी आणल्यावर तू सुधारतेस असं वाटत होतं. पुढचं मी लिहीत नाही.

तेरावं झालं, सई परत बेंगळुरूला गेली. घरात मी आणि तुझं सामान. एका सकाळी दादा आला. मी चहा केला. त्यानं तो संपवला आणि म्हणाला, "दाजी, ते शेताचं कुठंय?"

मी छाप आणायला उठलो, तर म्हणाला, "कागद नको. कोरलेलं दावा."

आम्ही दोघांनी मिळून ती प्लाय कपाटामागून काढली आणि टेबलावर आडवी ठेवली. मी पुसली होती, तरी शाईचा वास होताच. सगळं उलटं, त्यामुळे नदी दुसऱ्या बाजूला. दादाला आपली खाचरं सापडायला वेळ लागला. मग त्यानं डोळे बारीक केले आणि बोट फिरवायला लागला. दुसऱ्यांच्या न विकलेल्या खाचरांच्या नावांवरून फिरवलं. स्वतःच्या नावांवर आला आणि थांबला.

"इथं बोट आत जातंय."

"तुमची नावं खोल कोरलीयत ना."

"आनि ही दुसऱ्यांची?"

"त्यांच्या सभोवतालचं काढलंय. अक्षराला हात लावलेला नाही."

हे बोललो आणि मीच थबकलो. विमल, इतकी वर्षं मी तुझं छापत आलो, पण हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. जी अक्षरं काळी येतात त्यांना तुझी कोरणी कधी लागतच नाही. ती भोवती फिरते. जी पांढरी येतात त्यांच्यातूनच तुझा हात गेलेला असतो, काना, मात्रा, वेलांटी, सगळ्यातून. दादाच्या प्रत्येक खाचराचं नाव तू असं एकेका वळणानं कोरून काढलं होतंस. मी हे त्याला सांगितलं, जसं सुचलं तसं. तो ऐकत होता. बोट लांबोटीत होतं.

ते न उचलता त्यानं विचारलं, "रागावली व्हती का माझ्यावर?"

खोटं बोलता आलं असतं. "होती," मी म्हणालो. "राग आल्याशिवाय एवढं बारीक काम तिनं कधी केलं नाही."

तो हसला. हसता हसता त्यानं टोपी काढून तोंड पुसलं. मग नदीकडच्या टोकाच्या तुकड्यावर बोट ठेवलं. तो तू कोरला नव्हतास. "ह्यो कोरा का ठेवला?"

"तुम्ही नाव सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, वाट असेल."

"वाट न्हवती. खाचर व्हतं." तो खुर्चीवर बसला. "ती कल्यानला गेली ना, त्या साली बाबांनी नदीचा गाळ बांधून काढलेलं. म्हनाले, पोरीला बहिनीच्या घरी फुकट कसं ठेवायचं? त्या खाचराचा तांदूळ दर साली कल्यानला जायचा. मीच न्यायचो, डोक्यावर. आमी त्याला इमीचं खाचर म्हनायचो."

"तिला ठाऊक होतं?"

"पोराला कोन सांगतं, तुझ्या जेवनाचा तांदूळ कुठला? आनि त्या दिवशी ती संग चालत व्हती. तिच्या देखत कसं सांगू, तुझ्या नावाचं बी इकलं?"

विमल, तू कल्याणला आत्याकडे जेवलीस तो भात तुझ्या घरचा होता. मी तुला हे सांगायला आत वळलो, खरंच वळलो, स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो आणि मग लक्षात आलं.

परत येऊन तुझी बारीक कोरणी काढली. ट्रेसिंग पेपरवर ते नाव लिहिलं, पालथं घातलं, घासून उमटवलं. उठावात ठेवायचं की खोल कोरायचं, असं मी दादाला विचारलं नाही; खोलच कोरायला घेतलं. लिनो उन्हात ठेवायचं सुचलं नाही, म्हणून तो कडक होता. पहिल्याच रेघेला कोरणी अडकली. तू म्हणायचीस की वळणाला कोरणी वळवायची नाही, खालचा लिनो फिरवायचा. एवढी मोठी प्लाय एका हातानं फिरेना. तेव्हा दादा उठला, दोन्ही हातांनी तिच्या कडा धरल्या आणि मी सांगेन तशी फिरवायला लागला. "थोडी माझ्याकडे. अजून. बस." आम्ही दोन म्हातारे टेबलाभोवती असे वाकून होतो की कोणी पाहिलं असतं तर हसलं असतं. 'इ'लाच सगळ्यात जास्त वेळ गेला. पोटात दोन वळणं, त्यात खाली शेपूट. शिरोरेषा वाकडी झाली. मी पट्टी लावली नाही.

मग शाई फिरवली, पातळ. कागद घातला. दादानं रसवंतीचं हँडल फिरवलं, मी पाट सांभाळला. कागद त्यानं उचलला, दोन्ही हातांनी, एका कोपऱ्याकडून, आणि खिडकीशी नेला.

तुझं माहेरचं नाव मी आयुष्यात पहिल्यांदाच लिहिलं, तेही उलटं. कागदावर सुलट आलं होतं. दादा ते एकेक अक्षर लावून मोठ्यानं वाचत होता.